नखुल्या विरुद्ध शिंगाड्या

आमच्या नारिन शहरात, नदीच्या अलीकडच्या काठाला, ओरोझबायच्या घरी एका संध्याकाळी टीव्हीवरचं चित्र थांबलं. चहाची वाटी ओठाला लावून परत खाली ठेवावी, तेवढा वेळच थांबलं. गल्लीतल्या विजेने डोळा मिचकावला होता. वीज सावरली, चित्र सावरलं, आणि लोकांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटलं.

पण माणसाला व्याही असतात, आणि व्याह्यांना फोन करावा लागतो. फोनवर बोलायला विषय लागतो. हवा झाली, मेंढ्या झाल्या, गुडघे झाले. मग ओरोझबायने थोरल्या सुनेच्या वडिलांना, ओशच्या सागीनालींना सांगितलं, "आमच्या टीव्हीमागचा तो तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे ना, ज्यावर आम्ही सामने बघतो, तो हल्ली अडखळतो हो." दुसरा फोन धाकट्या सुनेच्या वडिलांना, तलासच्या बेइशेनना. त्यांच्याशीही हवा, मेंढ्या आणि गुडघे संपल्यावर हेच वाक्य. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला सांगितलं नाही, तर तो दुजाभाव होतो.

आठवडा उलटायच्या आत दोन्हीकडून आहेर आले. दोन्हींत एकच वस्तू: हवेतलं नेट पकडून कॉम्प्युटरला पाजणारा अडॅप्टर. सागीनालींचा होता अंगठ्याच्या नखाएवढा. बेइशेनचा होता चांगला चार बोटं रुंद, वर दोन उभे अँटेना, एखाद्या एडक्यासारखा. पोरांनी नावं पाडली: नखुल्या आणि शिंगाड्या.

दोन्ही व्याह्यांनी निरोपही सारखाच धाडला होता: "अंतिम सामना आम्ही तुमच्याच घरी बघणार. आमच्या अडॅप्टरवर."

अंतिम सामना म्हणजे कोक-बोरूचा. घोड्यावरून बिनमुंडक्याचा बोकड उचलायचा आणि समोरच्याच्या हौदात नेऊन टाकायचा, तो आमचा खेळ. ओरोझबायचं शेंडेफळ, शुमकार, नारिनच्या संघातून खेळणार होता. मैदान नदीच्या पलीकडे, पूल ओलांडला की समोरच. त्यांच्या अंगणात उभं राहून हाक मारली तर हौदाजवळच्या खेळाडूने मान वळवावी, इतकं जवळ.

"मग मैदानावरच जाऊ की सगळे," ओरोझबायची बायको मायरामबूबू म्हणाली.

ओरोझबायने तिच्याकडे दयेने पाहिलं. "अगं, व्याही दोन-दोन घाट ओलांडून येतायत ते त्यांच्या अडॅप्टरवर सामना बघायला. त्यांना मैदानावर नेलं तर अर्थ काय निघेल? तुमच्या अडॅप्टरला पोराचं तोंडसुद्धा दाखवता येत नाही, असाच ना?"

मागच्या वर्षी शुमकार घोड्यावरून पडला, त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि घरच्यांनी मायरामबूबूला ते चार दिवस सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तिने मनाशी ठरवलं होतं, पुढचा सामना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. "मैदानावर नाही तर नाही," ती म्हणाली, "पण त्या दिवशी चित्र अडकता कामा नये. माझं पोरगं घोड्यावरून वाकेल तेव्हा मला दिसलं पाहिजे की ते परत वर आलं."

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला: कोणता अडॅप्टर जास्त वेगवान? घरच्या माणसाने याचं उत्तर देणं शक्यच नव्हतं. नखुल्या म्हटलं तर धाकटी सून रुसणार, शिंगाड्या म्हटलं तर थोरली. ओरोझबाय रीतीप्रमाणे आमच्याकडे, गल्लीच्या आक्साकाळांच्या पंचायतीकडे आला. आमच्या दाढ्या पांढऱ्या असल्यामुळे आम्हाला सगळ्यातलं कळतं.

पंचायतीचे प्रमुख कासीम. यांनी उभी हयात घोड्यांच्या शर्यतीत पंच म्हणून घालवली. त्यांनी दोन्ही अडॅप्टर तळहातावर घेतले, वजन जोखलं, शिंगाड्याच्या शिंगांवरून अंगठा फिरवला, नखुल्याला उलटा करून त्याचे दात पाहिले.

"वंश कुठला?" त्यांनी विचारलं.

"खोक्यावर कारखान्याचं नाव आहे," मी म्हणालो.

"कारखाना म्हणजे तबेला झाला, इस्काक. मी बाप विचारतोय. आपल्यात माणसाला सात बाप तोंडपाठ लागतात, आणि हा व्याह्याच्या घरून आलेला पाहुणा. याचा आधीचा कोण, त्याच्या आधीचा कोण?"

खोक्यावर सातातला एकही नव्हता. तेव्हा वंशाचा मुद्दा दोघांच्याही विरुद्ध नोंदवून पंचायत चाचणीकडे वळली.

चाचणी तशी सोपी असते. कॉम्प्युटरमध्ये एक अडॅप्टर खोचायचा, टीव्हीवर एक बटण दाबायचं, काटा फिरतो आणि आकडा येतो. पण बटण दाबणार कोण? दोन्ही सुनांना येत होतं, त्यामुळे दोघीही बाद. माहेरचा हात बटणावर वजन टाकतो, असं कासीमचं मत पडलं. शेजारच्या मास्तरांना येत होतं, पण त्यांच्या घरी नखुल्यासारखाच अडॅप्टर निघाला. हितसंबंध सिद्ध झाले. शेवटी ज्याला यातलं काडीमात्र कळत नाही, असा निःपक्षपाती माणूस शोधायचं ठरलं. निवड एकमताने झाली. वेगतुलना आयोगाचा मुख्य तांत्रिक अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली.

पहिल्या सकाळी मी शिंगाड्या खोचला. आकडा आला चाळीस. मग जेवण झालं, पंचायतीची वामकुक्षी झाली, आणि संध्याकाळी मी नखुल्या खोचला. आकडा आला अकरा.

थोरल्या सुनेने त्याच पावली ओशला फोन लावला. सागीनालींचा आवाज फोनमधून अंगणापर्यंत आला. "संध्याकाळी पळवलात? गल्लीतली झाडून सगळी पोरं शाळेतून येऊन नेटला चिकटलेली, आणि त्या गर्दीतून माझा नखुल्या पळवलात? आणि त्यांचा शिंगाड्या सकाळच्या मोकळ्या रस्त्याला? तुमच्या कासीमने पंचगिरी केली की व्याहीगिरी?"

कासीमना हे लागलं. ते म्हणाले, "मुद्दा कायदेशीर आहे. शर्यतीत माळ मोकळा लागतो." लगेच फर्मान निघालं: चाचणी चालू असेल तोवर गल्लीत कुणीही नेट वापरायचं नाही. यालाच पुढे गल्लीबंदी म्हणू लागले.

गल्लीबंदीचे पहिले बळी म्हणजे कोपऱ्यावरचं जोडपं. नवरा मॉस्कोत बांधकामावर, बायको इथे. दोघांचं रोज फोनवर भांडण चालायचं. बंदीमुळे ते नेमकं "आणि तुझी आई तर" या जागी तुटलं. नवऱ्याला वाटलं, बायकोने फोन आपटला. बायकोला वाटलं, नवऱ्याला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तो घाबरून गोड बोलला आणि ती विजयाने गोड बोलली. तेव्हापासून त्यांच्यात समेट आहे. आयोगाचं एवढं एकच विधायक कार्य, म्हणून नोंदवून ठेवतो.

मोकळ्या माळावर दोघे पळाले. शिंगाड्या साठ. नखुल्या साठ.

"बरोबरी!" ओरोझबाय आनंदाने ओरडला. "सुटलो!"

"सुटलास कसला," कासीम म्हणाले. "थोरल्या सुनेचा बाप आणि धाकट्या सुनेचा बाप एकाच पायरीवर बसवतोस? दोघंही उठून जातील. आणि पन्नास वर्षं मी घोडे बघतोय, बरोबरीत सुटलेली शर्यत नसते. पंचाची नजर कमी पडलेली असते. पुन्हा पळवा."

पुन्हा पळवले. एकसष्ट आणि एकोणसाठ. जागा बदलून पळवले, एकोणसाठ आणि एकसष्ट. दार उघडं ठेवून, दार लावून, चहाचा समोवार पेटवून, समोवार विझवून. एकदा शिंगाड्या हाताला गरम लागला. तलासच्या बाजूने हरकत आली की तो दमलाय, त्याला चालवून आणा. धाकटी सून त्याला फडक्यात गुंडाळून अंगणात दोन फेऱ्या मारून आली. मग ओशच्या बाजूनेही हरकत आली. नखुल्यालाही फेऱ्या हव्यात, तो लहान आहे म्हणून काय झालं?

या सगळ्यात एक बारीक गोष्ट ध्यानात आली ती फक्त मायरामबूबूच्या. पीठ मळता मळता ती म्हणाली, "काही न खोचता किती येतो रे, इस्काक?"

आहेर येण्याआधी कॉम्प्युटर आपल्या पोटातल्याच ताकदीवर चालत होता, हे खरं होतं. तो वेग कुणी मोजलाच नव्हता.

"आपा," कासीम खालच्या आवाजात म्हणाले, "समजा मोजला. समजा साठच आला. मग दोन्ही आहेर फुकट, असं लिहून द्यायचं? दोन सुना आहेत तुझ्या घरात. भाकरी कोण करेल?"

मायरामबूबूने पीठ आपटलं, पण प्रश्न मागे घेतला.

राउटर दाराशी, जोड्यांच्या शेजारी होता, कारण तार तिथून येते. टीव्ही आणि कॉम्प्युटर होते थेट समोरच्या भिंतीला, मानाच्या जागेत, गोधड्यांच्या थप्पीपाशी. मधे मातीची अर्धी भिंत, दोन गालिचे आणि ओरोझबायच्या आजोबांची लोखंडी पेटी. हवेतलं नेट एवढं सगळं ओलांडून, धापा टाकत मानाच्या जागेपर्यंत पोचायचं. कुणाच्याही मनात आलं असतं की कॉम्प्युटरच दाराशी आणावा. पण व्याह्यांचा आहेर जोड्यांजवळ ठेवायचा, आणि पाहुण्यांनी मानाच्या जागेकडे पाठ करून सामना बघायचा? असला विचार आमच्या गल्लीत कुणाच्या मनात येत नाही. आलाच तर तो गिळतो.

सामन्याच्या आदल्या दिवशी व्याही येऊन पोचले. मिठ्या झाल्या, गालाला गाल लागले, मेंढा कापला गेला. जेवण आटोपल्यावर पंचायतीने तोडगा जाहीर केला: दोन्ही अडॅप्टर एकाच वेळी खोचायचे. कॉम्प्युटरला दोन खाचा होत्याच.

"वरच्या खाचेत कोण?" सागीनालींनी शांतपणे विचारलं.

खाचा एकावर एक होत्या. हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"वयाने मी मोठा," सागीनाली म्हणाले.

"शिंगं वरच शोभतात," बेइशेन म्हणाले. "बोकडाची शिंगं पोटाखाली पाहिलीत कधी?"

"व्याहीबुवा, शिंगांचा एवढा अभिमान असेल तर ती टोपीत खोचा, कॉम्प्युटरला कशाला?"

"माझी टोपी मोठी आहे हो. तुमचा नखुल्या मात्र चहात पडला तर साखर समजून कुणी विरघळवेल."

मी कॉम्प्युटर आडवा केला. आता खाचा शेजारी शेजारी आल्या. पण मग उजवी आणि डावी झाली, आणि उजवी बाजू मानाची. शेवटी कासीमनी घोड्याच्या केसांची दोरी मागवली आणि कॉम्प्युटर गोधड्यांच्या थप्पीवर असा तिरपा बांधला की कोणती खाच वर, कोणती खाली, कोणती उजवी, हे प्रत्यक्ष निर्मात्यालाही सांगता आलं नसतं. दोघं व्याही मान वाकडी करकरून बघत होते. दोघांनाही आपलाच वर दिसत होता. पंचायतीच्या इतिहासात इतका समतोल निवाडा झाला नव्हता.

"आता शेवटची एक चाचणी," कासीम म्हणाले. "दोघांची मिळून."

मी बटण दाबलं. आकडा आला तीन.

"तीनशे असेल," ओरोझबाय म्हणाला. "बाकीची शून्यं मागून येतील."

आम्ही थांबलो. शून्यं आली नाहीत. आला तो नेटवाल्या कंपनीचा निरोप, धाकट्या सुनेच्या फोनवर. तिने तो मोठ्याने वाचला: आपला या महिन्याचा नेटचा शिधा संपला आहे. पहिल्या तारखेपर्यंत आपल्याला मंद गतीने सेवा मिळेल. आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात.

"शिधा संपला? कुणी खाल्ला?" बेइशेन म्हणाले. "आम्ही तर आजच आलो."

खाल्ला होता आयोगाने. वेग मोजायचा म्हणजे काय करायचं, तर नेटवरून भलंमोठं ओझं इकडून तिकडे वाहून न्यायचं आणि किती वेळ लागला ते बघायचं. आठवडाभर आम्ही रिकामी ओझी वाहत होतो. शर्यतीचा घोडा वेगवान आहे की नाही हे पाहायला रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ पळवावा, आणि शर्यतीच्या दिवशी तो दारात आडवा पडावा, तशी गत झाली. हे कासीमना मी समजावून सांगितलं. ते विचारात पडले. मग म्हणाले, "म्हणजे वेग होता. मोजून संपला. आयोगाच्या कामात कसूर नाही."

दुसऱ्या दिवशी सामना. मानाच्या जागेत दोन व्याही, मग कासीम, मग मी, मग उतरत्या दाढ्यांनी बाकीचे. मायरामबूबू दाराजवळ समोवारापाशी, चहा ओतायला. दोन्ही सुना स्वयंपाकघरात मांस शिजवत होत्या. टीव्हीवर मैदान दिसलं, घोडे दिसले, धूळ दिसली. दोन अडॅप्टरांचे दोन दिवे आळीपाळीने लुकलुकत होते. बहुधा आधी कुणी जायचं याचा आग्रह चालला असावा.

तेवढ्यात शुमकार दिसला. करड्या घोड्यावर, एक पाय रिकिबीत, सगळं अंग खाली झुकलेलं, हात बोकडाच्या दिशेने लांब केलेला, आणि डोक्यावर दुसऱ्या घोड्याचा उचललेला खूर.

चित्र थांबलं.

मधोमध एक पांढरं वर्तुळ गरगर फिरायला लागलं.

"हा नखुल्या," बेइशेन म्हणाले.

"हा शिंगाड्या," सागीनाली म्हणाले.

"शांतता," कासीम म्हणाले. "येईल. हात लांब केलाय, म्हणजे उचलणारच."

नदीपलीकडून हजार गळ्यांची आरोळी खिडकीतून आत आली. पाठोपाठ दुसरी. मायरामबूबू उठली. "ओरडतायत. कशासाठी ओरडतायत? अहो, पडलं का माझं पोरगं?"

"आपा, खिडकी लाव," कासीम म्हणाले. "आधी निकाल ऐकला तर बघण्यात काय मजा?"

तिने खिडकी लावल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. आम्ही बघत होतो. वर्तुळ फिरत होतं. व्याह्यांनी शुमकारच्या बसण्याची तारीफ केली, मग खोगिराची केली. खुराच्या कोनावरून कासीमनी घोड्याच्या आईची जात ओळखली. थांबलेल्या चित्राचा एक फायदा असतो, बारकावे दिसतात.

"चहा का येईना हो?" कुणीतरी मागून म्हणालं.

ओरोझबायने मान न वळवता वाटी मागे केली. वाटी कुणी घेतली नाही. समोवारापाशी कुणी नव्हतं. दाराशी मायरामबूबूच्या बाहेर घालायच्या रबरी गालोशा नव्हत्या. पण हे आम्हाला नंतर कळलं, कारण दाराकडे बघायचं म्हणजे टीव्हीवरून नजर काढायची, आणि नेमकं त्याच क्षणी त्याने बोकड उचलला तर?

मग अंगणात टापा वाजल्या. दार धाडकन उघडलं. गार वारा, घोड्याच्या घामाचा वास, धूळ.

"दार लावा रे!" कासीम ओरडले. "गोधड्या हलतात, कॉम्प्युटर तिरपा बांधलाय!"

"काय झालं?" दारातून मायरामबूबूचा आवाज आला. धापा टाकत होती, पण हसतही होती. "उचलला का त्याने?"

"उचलतोच आहे," ओरोझबाय म्हणाला. "थांब जरा. तू चहा ओत."

जिंकलेल्याने मानाच्या घराच्या उंबऱ्यात बोकड टाकायचा, ही आमची जुनी रीत. दारात करडा घोडा उभा होता, त्यावर शुमकार, डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत धुळीने माखलेला आणि एकही हाड न मोडलेला. त्याच्या मागे, त्याच्या कमरेला विळखा घालून, त्याची आई. त्याने दोन्ही हातांनी बोकड उचलला, फिरवला आणि दिला भिरकावून आत.

बोकड धप्पकन पडला जोड्यांवर. जोड्यांशेजारी राउटर होता.

टीव्ही काळा झाला. तेव्हा आम्ही सगळे एकदम वळलो.

"नेट गेलं!" सागीनाली म्हणाले.

"आता कळेल," बेइशेन म्हणाले, आणि बाह्या सावरून कॉम्प्युटरकडे सरकले. "परत आलं की आधी कोण पकडतो ते बघा. शिंगाड्याची खरी कसोटी हीच."

"आयोग पुन्हा बसेल," कासीम म्हणाले. "इस्काक, बटणापाशी ये. आणि तू कोण रे घोड्यावरचा? उजेड अडवू नकोस, आम्हाला राउटरचा दिवा बघू दे."

शुमकारने आईकडे पाहिलं. आईने त्याच्या पाठीवर गाल टेकला आणि म्हणाली, "चल बाळा, अंगणात जाऊ. त्यांचा सामना चालू आहे."

हसू आलं ना? येऊ द्या. पण हे वाचत असताना मघाशी कुणीतरी तुम्हाला दोनदा हाक मारली, आणि मान वर न करता तुम्ही म्हणालात, "आलोच, एवढं संपतंय." बघा आता वळून, दारात अजून कुणी उभं असेल तर.